पुढची मागणी केव्हा करावी?

वाचकाचे पत्र

“मी एका छोट्या सेवाभावी संस्थेचा कार्यवाह आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना लागणारी खाट, चाकाची खुर्ची, हवेची गादी, प्राणवायूचे यंत्र असे साहित्य आम्ही गरज असेपर्यंत विनामूल्य वापरायला देतो. संस्था सर्वस्वी देणग्यांवर चालते. आमच्या समितीत सध्या एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे असे की, रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, तेव्हा दर महिन्याला सर्व देणगीदारांना आवाहन गेलेच पाहिजे. आमचे ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात की, वर्षातून एकदाच मागावे. त्याहून अधिक मागणे संस्थेला शोभत नाही. गेले काही महिने आम्ही सहकाऱ्याचे ऐकून पाहिले. पैसे थोडे वाढले हे खरे. पण अनेक वर्षे न चुकता देणगी देणाऱ्या एका बाईंनी कळवले, ‘माझ्या मागच्या देणगीचे काय झाले ते अजून समजले नाही, आणि तुमचे हे चौथे पत्र. माझे नाव यादीतून काढून टाका.’ तेव्हापासून पुढचे पत्र पाठवायला मन धजत नाही. देणगीदारांकडे किती वेळा मागावे, आणि या बाईंना काय उत्तर द्यावे?”
— एक कार्यवाह

उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण आकडा विचारला आहे, म्हणून आधी आकडाच सांगतो. आपल्यासारख्या संस्थेने सर्व देणगीदारांना उद्देशून वर्षातून दोन आवाहने करावीत. एखादे नेमके काम पुढे आले तर तिसरे करावे आणि तिथे थांबावे. मात्र यांतल्या प्रत्येक आवाहनाला एक अट आहे आणि ती आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे : ज्या देणगीदाराला त्याच्या मागच्या देणगीचा विनियोग कसा झाला हे कळवलेले नाही, त्याच्याकडे पुढची मागणी जाऊ नये. ही अट पाळली तर दोनाऐवजी तीन वेळा मागितल्याने फारसे बिघडणार नाही. ती मोडली तर वर्षातून एकदा मागणेही जास्तच होईल. त्या बाईंच्या निरोपातली तक्रार हीच आहे. ‘चौथे पत्र’ हे शब्द आपल्या मनाला लागले. परंतु त्यांनी आधी देणगीचे काय झाले हे विचारले आहे आणि पत्रांची मोजदाद त्यानंतर केली आहे.

आता आपल्या समितीतील दोन तटांविषयी. तरुण सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ज्येष्ठ विश्वस्तांनी ते मान्य केले पाहिजे. बहुतेक माणसे देतात ती कोणीतरी मागितले म्हणून. मनात सद्भावना असते, ऐपतही असते. पण आपणहून संस्था शोधून पैसे पाठवणारा माणूस विरळा. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात साल्व्हेशन आर्मी या संस्थेच्या मदतीने काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका मोठ्या दुकानाच्या दारांशी दानपात्र घेऊन स्वयंसेवक उभे केले. ते नुसती घंटा वाजवत उभे राहिले तेव्हा जेवढ्या लोकांनी पैसे टाकले, त्यापेक्षा बऱ्याच अधिक लोकांनी, स्वयंसेवकाने ‘आज काही द्या’ एवढे तोंडाने म्हटल्यावर टाकले. मागण्याचा उपयोग होतो, हे यावरून निःसंशय दिसते.

मात्र त्याच प्रयोगाची दुसरी बाजू सहकाऱ्याने पाहिली पाहिजे. एका दाराशी तोंडाने मागणारा स्वयंसेवक आहे हे दिसताच सुमारे एक तृतीयांश लोक त्याची गाठ पडू नये म्हणून वाट बदलत होते. शिकागोच्या परिसरात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हेच अधिक स्पष्ट दिसले. तिथे घरोघरी देणगी मागायला जाण्याच्या आदल्या दिवशी काही घरांच्या दाराला चिठ्ठी अडकवली की, उद्या अमुक वेळेला आम्ही येणार आहोत. तेवढ्यानेच दार उघडणाऱ्यांचे प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटले. चिठ्ठीवर ‘आम्हाला त्रास देऊ नये’ अशी खूण करण्याची सोय ठेवली, तेव्हा देणगी देण्याचे प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी घटले, आणि ही घट प्रामुख्याने १० डॉलरहून लहान देणग्यांमध्ये होती. याचा सरळ अर्थ असा की, लहान देणग्यांचा बराच मोठा हिस्सा केवळ भिडेखातर दिला जात होता. नाही म्हणण्याची सभ्य सोय मिळताच तो थांबला.

भिडेखातर दिलेल्या पैशातूनही खाट येतेच, मग बिघडले कुठे, असे आपले सहकारी विचारतील. बिघडते ते पुढच्या वेळी. ज्याने मनापासून दिले तो पुढच्या पत्राची निदान वाट पाहू शकतो. ज्याने नकार देववेना म्हणून दिले तो आपले पाकीट न उघडता बाजूला ठेवतो, फोनवर आपला क्रमांक दिसला की उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा आपला गट आवाज बंद करून ठेवून देतो. गट सोडला तर तो चालवणाऱ्यांना कळेल, म्हणून तो सोडतही नाही. आपल्या यादीत त्याचे नाव तसेच राहते, संख्याही कायम दिसते, पण तो माणूस आपल्या हातून गेलेला असतो. दर महिन्याच्या मागणीची खरी किंमत ही आहे, आणि ती त्या महिन्याच्या जमाखर्चात दिसत नाही.

दिसत नाही, हाच या प्रश्नातला घोळ आहे. अधिकचे पत्र गेले की अधिकचे काही पैसे येतात. ते बँकेत जमा होतात आणि समितीच्या बैठकीत त्यांचा आकडा वाचला जातो. डेन्मार्कमध्ये एका सेवाभावी संस्थेच्या देणगीदारांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच मुद्द्यावर आहे. ई-मेलने पुन्हा आठवण करून दिल्यावर देणग्या वाढल्या. पण ‘यापुढे मला ई-मेल पाठवू नका’ असे कळवणारेही वाढले. संशोधकांचे म्हणणे असे की, आठवणीचा फायदा मोजताना ही दुसरी बाजू वजा केली नाही तर फायदा फुगलेला दिसतो. आपल्यापुरता हिशेब असा मांडून पाहा. समजा, यादीत एक हजार नावे आहेत. एका जादा आवाहनाला दहा जणांनी देणगी दिली आणि सहा जणांनी नावे काढायला सांगितली. दहांची देणगी आज जमा झाली. त्या सहांनी पुढची पाच-सात वर्षे दरवर्षी जे दिले असते ते मात्र आता कधीही येणार नाही आणि ते कोणत्याही वहीत लिहिले जाणार नाही. शिवाय आज देणाऱ्या दहांपैकी काही जण दोन महिन्यांनी देणारच होते. त्यांनी ते आत्ता दिले इतकेच.

हा शेवटचा मुद्दा केवळ तर्क नाही. नेदरलँड्समध्ये मोठ्या सेवाभावी संस्थांच्या टपालावर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, संस्थेचे एक पत्र तिच्याच पुढच्या पत्राचे उत्पन्न काही प्रमाणात खाऊन टाकते. अर्थात हा परिणाम फार काळ टिकत नाही, हेही त्याच अभ्यासात म्हटले आहे. त्याच संशोधकांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या सल्ल्याच्या उलट जाते, तरी ती आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे : वारंवार आलेल्या पत्रांनी लोक वैतागले, पण त्या वैतागामुळे त्यांनी प्रत्यक्षात देणगी कमी केली असे दिसले नाही. आपल्या सहकाऱ्याला हा निष्कर्ष कळला तर तो त्याचा आधार घेईल आणि तसे करण्याचा त्याला हक्क आहे. माझे उत्तर एवढेच की, तो अभ्यास त्या देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थांचा होता. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, आणि एक देणगीदार गेला तरी त्याच्या जागी दुसरे आणण्याची यंत्रणा त्यांच्यापाशी असते. आपल्या यादीतला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी ओळखीने आलेला आहे. त्याच्या जागी दुसरा आणायला एखाद्या कार्यकर्त्याला कित्येक संध्याकाळी खर्च कराव्या लागतात. आणि दुसरे असे की, लोक वैतागूनही देतात, म्हणून त्यांना वैताग देण्यास हरकत नाही, हा विचार सेवेच्या कामाला मला पटत नाही.

ज्येष्ठ विश्वस्तांच्या ‘वर्षातून एकदाच’ या मताविषयी थोडक्यात सांगतो. एकच आवाहन असले की त्या आठवड्यात ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचा पगार अडकला आहे किंवा जो प्रवासात आहे, तो त्या वर्षापुरता सुटतो. त्याची इच्छा नव्हती असे मुळीच नाही. दुसरी संधी देणे हा देणगीदारावर अन्याय नाही. आणि मागणे संस्थेला शोभत नाही, ही भावना मला समजते, पण रुग्णाला खाट मिळाली नाही तर तेही शोभणारे नाही.

आता हिशेबाच्या अटीकडे येतो. हिशेब म्हणजे वार्षिक अहवालाची छापील प्रत नव्हे. ती आवश्यक आहे, कायद्याने आणि रीतीने ती तयार झालीच पाहिजे, पण ती वाचून देणगीदाराला आपल्या पैशाचे काय झाले हे क्वचितच समजते. पावतीही हिशेब नव्हे. पावतीने पैसे पोचल्याचे कळते, लागल्याचे कळत नाही. मला अभिप्रेत आहे ते असे चार ओळींचे पत्र : ‘आपली आणि इतर काही जणांची देणगी मिळून आम्ही एक हवेची गादी घेतली. ती सध्या एका वृद्ध गृहस्थांकडे आहे. ते कूस बदलू शकत नाहीत. त्यांच्या पाठीला झालेल्या जखमा आता भरत आल्या आहेत. मध्यंतरी गादीचा पंप बिघडला होता, तो दुरुस्त करून घेतला.’ या पत्रात रुग्णाचे नाव नाही, छायाचित्र नाही, आणि ते असूही नये, कारण मदत घेणाऱ्याने आपले दुःख प्रसिद्धीसाठी दिलेले नसते. पंप बिघडल्याचे वाक्य गाळू नका. सगळे सुरळीत चालले आहे असे सांगणारे पत्र वाचून माणूस विसरतो. पंप बिघडला आणि दुरुस्त झाला हे वाचून त्याला कळते की इथे कोणीतरी लक्ष ठेवून आहे.

आणि या पत्राच्या शेवटी देणगी मागू नका. बँकेच्या खात्याचा क्रमांकही छापू नका. हिशेबाच्या पत्राच्या तळाशी ‘आपले सहकार्य असेच वाढत राहो’ असे लिहून खाली खाते क्रमांक दिला की ते हिशेबाचे पत्र राहत नाही, ते आवाहनच होते, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीपासून जाणवते. संस्थेकडून आलेल्या प्रत्येक पाकिटात मागणीच असते, अशी एकदा देणगीदाराची समजूत झाली की तो चांगली बातमीही उघडून पाहत नाही.

आभाराबद्दल मात्र एक सावधगिरी सांगायला हवी. देणगीनंतर आभाराचा फोन केला की माणूस पुढच्या वर्षी हमखास देतो, असे निधिसंकलनाच्या प्रशिक्षणांत सर्रास सांगितले जाते. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर अनेक वर्षे चाललेल्या एका प्रयोगात हे तपासले गेले आणि आभाराच्या फोनमुळे पुढच्या देणगीत काहीही फरक पडला नाही, असे आढळले; निधिसंकलनाचा अनुभव असलेल्या लोकांनी तर तो मोठा फरक पडेल असे भाकीत केले होते. तेव्हा आभार माना ते देणे लागतो म्हणून. त्यात गुंतवणूक आणि परतावा शोधू नका. देणगी आल्यावर दोन दिवसांत, फार तर आठवड्यात, पावतीबरोबर आभाराच्या दोन ओळी गेल्या पाहिजेत, त्याही शक्यतो हाताने लिहिलेल्या. मी देणगीदाराला हिशेब द्यायला सांगतो आहे तेही याच कारणाने. त्यामुळे देणग्या वाढतील की नाही याची हमी मी देत नाही. पैसा त्याचा होता, विश्वासाने दिला होता, आणि तो कसा लागला हे समजण्याचा त्याला हक्क आहे.

किती वेळा मागावे हे ठरवण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो मला सर्वांत सरळ वाटतो : देणगीदारालाच विचारावे. स्माइल ट्रेन ही संस्था दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी निधी गोळा करते. तिने टपालाने पाठवलेल्या आवाहनात एक धाडसी वचन दिले होते : आत्ता एकदा द्या, आणि आपली इच्छा असेल तर आम्ही पुन्हा कधीही मागणार नाही. देणाऱ्याने तीनपैकी एका चौकटीत खूण करायची होती : पुन्हा पत्र नको, मोजकीच पत्रे पाठवा किंवा नेहमीप्रमाणे पाठवा. नेहमीच्या पत्रापेक्षा या पत्राला अधिक लोकांनी देणगी दिली, आणि ‘पुन्हा कधीही नको’ हा पर्याय निवडणारे त्यांच्यात निम्म्याहूनही कमी होते. आपण एवढे टोक गाठावे असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या पावतीसोबत एक छोटे कार्ड जायला हरकत नाही. त्यावर एवढेच असावे : ‘आम्ही आपल्याकडे मदतीसाठी वर्षातून किती वेळा यावे? एकदा / दोनदा / केवळ तातडीच्या प्रसंगी / आवाहन नको, कामाची माहिती मात्र पाठवा / काहीच नको.’ चौथा पर्याय विसरू नका. मागणीचा कंटाळा आलेला माणूस कामालाही कंटाळला आहे, असे समजण्याचे कारण नाही, आणि आपल्याला पत्र लिहिणाऱ्या बाई बहुधा याच वर्गातल्या आहेत.

मात्र विचारले की उत्तर पाळावे लागते, आणि तेही संस्थेतल्या प्रत्येकाने. एखाद्याने ‘वर्षातून एकदाच’ असे कळवले आणि कार्यालयाने ते पाळले, पण सहकाऱ्याने आपल्या फोनमधल्या जुन्या यादीवरून त्याला संदेश पाठवला, तर वचन मोडले ते संस्थेनेच. देणगीदाराच्या दृष्टीने कार्यालय वेगळे आणि कार्यकर्ता वेगळा नसतो. म्हणून यादी एकच असावी, ती एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी, आणि त्या यादीबाहेरून कोणीही, विश्वस्तांनीही, संस्थेच्या नावाने मागू नये. यादीत प्रत्येक नावापुढे पाच रकाने पुरेत : शेवटची देणगी कधी आली, आभार कधी गेले, विनियोग कधी कळवला, शेवटचे आवाहन कधी केले, आणि देणगीदाराची इच्छा काय. आवाहन पाठवण्यापूर्वी ज्यांचा तिसरा रकाना रिकामा आहे ती नावे वेगळी काढावीत. त्यांना आधी चार ओळींचे पत्र जाईल, आवाहन पुढच्या खेपेला. ज्यांनी गेल्या तीन महिन्यांत दिले आहे त्यांनाही वगळावे. ताज्या देणगीवर लगेच दुसरी मागणी गेली की पहिली देणगी कोणाच्या लक्षातही आली नाही, असा तिचा अर्थ होतो.

यादी सांभाळण्याबद्दल इतके लिहितो आहे त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये ९२ वर्षांच्या एका स्वयंसेविकेच्या मृत्यूनंतर तिच्याकडे येणाऱ्या आवाहनांच्या ढिगाची देशभर चर्चा झाली. तिच्या मृत्यूचे कारण ही आवाहने नव्हती, असे कुटुंबीयांनी स्पष्ट केले; ते नोंदवणे आवश्यक आहे. पण चौकशीत जे निघाले ते कोणत्याही कार्यवाहाने लक्षात ठेवावे असे होते : ९९ संस्थांकडे तिचे नाव-पत्ता होता, एका वर्षात तिला अंदाजे ४६६ पत्रे गेली होती, आणि त्यांपैकी बहुतेक संस्थांना तिचा पत्ता तिच्याकडून मिळालेला नव्हता, तो तिसऱ्याच कोणाकडून मिळवलेला होता. एकेक संस्था कदाचित वर्षातून चार-पाच वेळाच मागत असेल आणि आपण संयम पाळतो आहोत, असे त्या संस्थेला वाटत असेल. पेटीत पडणारी पत्रे मात्र सगळ्यांची मिळून पडतात. त्यानंतर तिथे २०१६ मध्ये निधिसंकलनासाठी नवी नियामक संस्था आली, आणि २०१७ मध्ये नागरिकाला अमुक संस्थेने माझ्याशी संपर्क करू नये असे एका ठिकाणी नोंदवण्याची सोय झाली. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही जुनी संस्था तर २०१७ पासून, ज्यांनी स्पष्ट संमती दिली आहे त्यांनाच आवाहने पाठवू लागली. आपण कोणाची यादी घेऊ नका आणि आपली कोणाला देऊ नका, मग ती देवाणघेवाण कितीही चांगल्या संस्थेबरोबर असो.

काही अपवाद आधीच ठरवून ठेवणे बरे. तातडीचा प्रसंग हा दोन-तीन आवाहनांच्या मोजणीत धरू नये, पण तातडी म्हणजे काय हे समितीने शांतपणे, प्रसंग येण्यापूर्वी लिहून ठेवावे. साथीच्या काळात प्राणवायूची यंत्रे अचानक कमी पडली, गोदामाला आग लागली किंवा पाणी शिरले, ही तातडी. वर्षअखेरीस खात्यात शिल्लक कमी आहे, ही तातडी नव्हे. ते नियोजन आहे आणि त्याचा भार देणगीदारावर टाकू नये. दर महिन्याला ठरावीक रक्कम देणाऱ्यांना सर्वसाधारण आवाहने पाठवूच नयेत. ते बारा वेळा न मागता देत आहेत. त्यांना हिशेब अधिक आणि मागणी वर्षातून फार तर एकदा, तीही रक्कम वाढवता येईल का एवढी विचारणारी. कोणाच्या स्मरणार्थ देणगी देणाऱ्याला दरवर्षी त्याच तिथीला पत्र पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. काहींना ते आपुलकीचे वाटते आणि काहींची जखम त्याने उघडी पडते, म्हणून ते त्यांना एकदा विचारल्याशिवाय करू नका. दोन-तीन वर्षे ज्यांच्याकडून काहीच आले नाही, त्यांना एकच साधे पत्र पाठवा की, आपले नाव यादीत ठेवायचे का. उत्तर आले नाही तर नाव आवाहनाच्या यादीतून उतरवा. यादी आखूड झाल्याचे वाईट वाटेल, पण जी राहील ती खरी असेल.

आवाहनाच्या भाषेबद्दल एकच गोष्ट. ‘आपण मदत केली नाही तर हे काम बंद पडेल’ हे वाक्य खरे असेल तेव्हाच लिहावे. दर खेपेला बंद पडणारे आणि दर खेपेला चालूच राहणारे काम वाचून देणगीदाराचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडतो, आणि ज्या वर्षी ते खरोखर बंद पडण्याच्या बेतात असेल त्या वर्षी त्याला ते पटत नाही. वयस्कर देणगीदारांच्या बाबतीत तर ही भाषा निषिद्धच समजावी. त्यांच्यातले काही जण आपल्या नकारामुळे कोणीतरी तळमळेल, या विचाराने झोप गमावतात आणि स्वतःच्या औषधपाण्याचा पैसा पाठवून देतात. अशी शंका आली तर देणगी परत करण्याचीही संस्थेची तयारी असावी.

त्या बाईंना उत्तर आजच पाठवा, आणि त्यावर सही सहकाऱ्याची नको, आपली असू द्या. त्यात समर्थन नको. संस्थेची अडचण, कार्यकर्त्यांची धावपळ, वाढलेले खर्च यांपैकी काही नको. त्यांचे नाव आवाहनाच्या यादीतून काढले आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि पत्र पेटीत टाकण्यापूर्वी ते खरोखर काढा. मग त्यांच्या शेवटच्या देणगीचे काय झाले ते लिहा, जितके नेमके लिहिता येईल तितके. ती सर्वसाधारण निधीत मिसळली असेल आणि वेगळी दाखवता येत नसेल, तर त्या काळात त्या निधीतून काय काय घेतले ते लिहा आणि आपण हे वेळेवर कळवायला हवे होते असे मान्य करा. शेवटी, केवळ कामाची माहिती हवी असल्यास कळवावे, अन्यथा उत्तराची अपेक्षा नाही, असे लिहून पत्र संपवा. त्या परत येतील का, हा विचार करून हे पत्र लिहू नका. लिहिताना तो विचार मनात असला की तो शब्दांत उतरतो.

या सर्वांतून पैसा कमी पडला तर काय, हा प्रश्न समितीत निघेल आणि तो रास्त आहे. पहिल्या वर्षी थोडा कमी पडण्याची शक्यता मी नाकारत नाही. तो खड्डा त्याच माणसांकडे पुन्हापुन्हा जाऊन भरू नये; नवी माणसे शोधावीत. ज्यांच्या घरी आपली खाट जाऊन परत आली आहे, त्या कुटुंबांना आपल्या कामाची जेवढी किंमत कळते तेवढी कोणत्याही पत्राने कोणाला कळणार नाही. साहित्य परत घेताना त्यांच्याकडे पैसे मागू नका, त्या घडीला ते नको. तिथे कदाचित नुकतेच कोणी गेलेले असेल. पण काही महिन्यांनी, त्यांची हरकत नसेल तर, त्यांनी चार ओळखीच्यांना या कामाबद्दल सांगावे अशी विनंती करता येते. संस्थेने स्वतः लिहिलेल्या दहा आवाहनांपेक्षा अशा एका शेजाऱ्याच्या तोंडून आलेल्या शब्दावर लोक अधिक विसंबतात, आणि तसे आलेले देणगीदार टिकतातही.

समितीपुढे हे सगळे एका वर्षाच्या प्रयोगाच्या रूपाने मांडा, म्हणजे कोणत्याही तटाला माघार घेतल्यासारखे वाटणार नाही. वर्षअखेरीस एकूण जमा किती झाली याबरोबर आणखी तीन आकडे वाचून दाखवा : गेल्या वर्षी दिलेल्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिले, नाव काढा किंवा आवाहने कमी करा असे किती जणांनी कळवले, आणि मागच्या देणगीचा हिशेब न कळवता किती जणांकडे आवाहन गेले. यातला तिसरा आकडा दर सहा महिन्यांनीही पाहत चला, आणि तो शून्य नसेल तर पुढच्या आवाहनाची तारीख पुढे ढकला.